सेक्टर किती

मी तोलणार.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकोणीस वर्षं.
त्याआधी सात वर्षं त्याच गोण्या पाठीवर.
गोणी काट्यावर चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
मी मोठ्यानं बोलतो, पावती फाटते.
आकडा झाला की भांडण मिटतं.

म्हणून वाशीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं,
एक ते दहामध्ये किती दुखतं,
तेव्हा मला बरंच वाटलं.
म्हटलं, याचाही काटा आहे तर.

प्रांजल गप्प. पंधरा वर्षांची पोर
स्वतःच्या सुजल्या बोटांकडे बघत होती,
दुसऱ्याच्या घरातली भांडी बघावीत तशी.
मग म्हणाली, सहा.
लिफ्टमध्ये म्हणाली,
काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

तरी मी वही केली. लाल रेघांची, हिशेबाची.
सकाळ, दुपार, रात्र.
दारात चप्पल काढायच्या आधी, आज किती?
तिच्या तोंडात घास असताना, किती?
हिनं डोळे मोठे केले तरी, किती?
एका पानावर तिनं स्वतःच लिहून ठेवलेलं सापडलं:
पप्पा घरी आले. नऊ.

गावाहून बहिणीचा फोन, निर्गुडीचा पाला उकळा.
खालच्या मजल्यावरचे म्हणाले, या वयात कसले सांधे,
मोबाइल काढून घ्या.
आणि एका सकाळी मीसुद्धा,
खोटं कशाला बोलू,
तिचं पांघरूण ओढलं होतं.
नाटकं म्हणालो होतो.
ती उठली. केस मोकळेच ठेवून शाळेत गेली,
वहीत शेरा घेऊन आली.
वेणी घालायला बोटं लागतात
हे मला संध्याकाळी कळलं.

वही आता टीव्हीच्या मागे आहे.
प्रश्न अजून ओठापर्यंत येतो.
मी पाणी पितो.

मग एका रात्री तीच म्हणाली, भात कालवता कालवता,
आज सेक्टर चौदा.
म्हणजे?
म्हणजे लांब आहे, पण रिक्षा मिळते.

तेव्हापासून असंच चालतं आमच्या कोपरखैरण्यात.
कधी सेक्टर चार, जिना उतरला की आलाच,
मागे बारीक वाजत राहतं, लग्नाच्या हॉलसारखं,
पण अभ्यास होतो.
कधी थेट तेवीस.
तिथं दिवे नाहीत, फोन लागत नाही.
त्या दिवशी आम्ही कुकरची शिट्टीसुद्धा काढून ठेवतो.
तिचे सेक्टर खऱ्या नकाशाशी जुळत नाहीत.
आयुष्यभर वजनं तपासली,
हे मात्र दुरुस्त करत नाही.

काल पहाटे चारला उठलो
तर ती आधीच जागी, स्वयंपाकघरात,
गरम पाण्याच्या टोपात दोन्ही हात बुडवून.
दिवा न लावता बसलो शेजारी.
बसलो म्हणजे,
ओट्याला धरून, अर्ध्यात थांबून, मग खाली,
नेहमी बसतो तसा.

पप्पा, तुमचं किती?

काटेवाल्याला कोण चढवतं काट्यावर?
मी म्हटलं, काही नाही गं, सवय आहे.
तिनं नुसतं बघितलं.
अंधारात पण कळतं, कोण बघतंय ते.
कमरेत, म्हणालो. डाव्या पायात उतरतं.
सेक्टर?
मला पटकन सुचेना.
आठ असेल.
पाण्यातून एक बोट वर काढून ती म्हणाली,
मी नऊमध्ये. शेजारीच की मग.

पाणी कोमट होईपर्यंत बसलो.
मार्केटला उशीर झाला,
मुकादम बोलायचं ते बोलला.

निघायच्या आधी तिची शाळेची बाटली भरली.
पूर्वी झाकण उघडंच ठेवायचो, तिला राग यायचा.
मग घट्ट लावायला लागलो,
आणि ती दिवसभर तहानलेली, कुणाला न सांगता.
आता सैल करत आणतो,
आणि थांबतो.
शेवटचा पाव फेरा तिचा.